टोपीवरचं जनावर

जगात अर्थाशिवाय एकही वस्तू नाही, यावर माझ्या मावसोबांचा जेवढा विश्वास होता तेवढा ब्रह्मदेवाचाही नसावा. ब्रह्मदेवानं निदान काही गोष्टी घाईगर्दीत उरकल्या असतील. मावसोबांना तेही कबूल नव्हतं. काडेपेटीवरचा घोडा डावीकडेच तोंड करून का उभा, धोतरजोडीवर छापलेल्या बाईच्या हातात कमळच का, तहसिलीच्या चपराशाच्या बिल्ल्यावरच्या सिंहाची जीभ बाहेर का, याचा छडा लागेपर्यंत ते काडी ओढत नसत, धोतर नेसत नसत आणि चपराशाला हलू देत नसत. एकदा समन्स घेऊन आलेल्या चपराशाला त्यांनी ओट्यावर बसवून घेतलं, चहा पाजला आणि त्याच्या बिल्ल्यावर अशी काही चर्चा रंगवली की तो बिचारा समन्स खिशात तसंच ठेवून मोताळ्याला परत गेला. हे त्यांनी मुद्दाम केलं असं लोक म्हणत. पण तेवढा धूर्तपणा मावसोबांच्या अंगात असता तर मावशीला आणखी काय हवं होतं!

हे वेड त्यांना लागलं मलकापूरला. धामणगाव बढ्याला घरची शेती होती, पण तरुणपणी काही हंगाम ते मलकापूरच्या एका जिनात कामाला होते. तिथं प्रेसमधून निघालेल्या कापसाच्या गठाणीवर मालकाचा छाप मारत. कुठं चांदणी, कुठं हत्ती, कुठं नुसताच गोल. छाप पाहून माल कुणाचा नि कुठं निघाला ते अचूक कळायचं. मावसोबांना वाटलं, झालं, जगाची किल्ली सापडली. गावी परतले ते गोलात दोन काड्या असा स्वतःचा छाप घेऊनच. मग कुदळीवर छाप, विळ्यावर छाप, तांब्यावर छाप. मावशीच्या पोळपाटावर छाप मारला तेव्हा दोन दिवस प्रत्येक पोळीवर गोल नि काड्या उमटत होत्या. वाडीतल्या गंगाफळांवर, म्हणजे लाल भोपळ्यांवरसुद्धा, ते कोवळी असतानाच टोकदार काडीनं खूण ओढायचे. फळ वाढे तशी खूणही वाढे. अशाच खुणेचं एक भलंमोठं गंगाफळ त्यांना पाटलांच्या घरी चुलीशेजारी दिसलं आणि भर पंगतीत त्यांनी "चोर सापडला!" म्हणून आरोळी ठोकली. ते मावशीनंच आदल्या दिवशी पाटलीणबाईंना पोचवलं होतं. त्यानंतर मावशी कुणाला वांगं जरी द्यायचं झालं तरी आधी नवऱ्याला सांगायची.

त्यात स्वभाव उतावळा. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो, आणि 'मावसाजी' हा शब्द पुरा होईस्तोवर ते उठून उभे राहिलेले असायचे. एका पायात चप्पल नि दुसरा पाय मोकळा, अशा थाटात त्यांनी मैलोगणती रस्ते तुडवले असतील. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण ऐकणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. आनंद झाला की समोरच्याला 'बे' म्हणत, मग समोर घरचा गडी असो की नायब तहसीलदार.

तर असे हे मावसोबा एक दिवस बुलढाण्याला माझ्या खोलीवर येऊन थडकले. लढाईचे दिवस होते. मी नुकताच मॅट्रिक होऊन कचेरीत उमेदवारी करत होतो. कोळशावर चालणारी मोटार राजूरचा घाट चढताना उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावायची, तशी ती ढकलून ते आले होते. अंगावर धूळ, एका पायात चप्पल. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काखेतलं फडकं सोडून त्यांनी एक टोपी माझ्या गादीवर ठेवली.

तशी टोपी मी कधी पाहिली नव्हती. रंग गडद निळा, कपाळावर पुढं आलेली लांब झडप, आणि झडपेच्या वर रेशमानं भरलेलं एक तपकिरी जनावर. दात पुढं आलेले, शेपूट पोळपाटासारखं चपटं, आणि पुढच्या दोन पायांत धरलेलं एक गुळगुळीत लाकूड.

"गणपतनं धाडली," मावसोबा म्हणाले.

गणपत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. लष्करात लॉरी चालवायला म्हणून गेलेला, आणि आसामच्या बाजूला डोंगरात अमेरिकन लोकांसोबत रस्त्याच्या कामावर होता एवढंच आम्हाला ठाऊक. बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. सुटीवर आलेल्या मोताळ्याच्या एका शिपायानं ही टोपी आणून दिली होती. 'अमेरिकन सायबानं गणपतले देल्ली, गणपतनं तुमच्याकडे धाडली,' इतकं बोलून तो आपल्या घरच्या ओढीनं निघून गेला होता.

"गठाणीवर छाप कवा मारतात, सांग बरं," मावसोबांनी मला विचारलं.

"बांधून झाल्यावर."

"अन् बांधून झाल्यावर गठाण कुठी जाते?"

"मुंबईला. तिथून जहाजावर."

"मंग!" ते ओरडलेच. "माह्या पोट्ट्याले छाप लावला बे त्यायनं! आता लढाई सरली का जहाजात घालून घेऊन जातीन त्याले. त्यानं खूण धाडली मले. 'बाबा, पाहा, मी आता या गोऱ्यायचा झालो.'"

मला हसू फुटलं. माणूस म्हणजे काय कापसाची गठाण आहे, असं मी म्हणणार होतो. पण ते गावात हे कुणाला बोलले नव्हते, मावशीलासुद्धा नाही. जन्मभर दुसऱ्यांना खुणांचे अर्थ सांगत फिरलेला माणूस एका खुणेचा अर्थ कुणीतरी खोटा ठरवावा म्हणून घाट चढून आला होता. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

गावाबाहेर मिशनचा बंगला होता आणि तिथं एक म्हाताऱ्या अमेरिकन मडमबाई राहायच्या. खेड्यापाड्यांतून औषधं वाटत फिरलेल्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या, विहिरीवरच्या बायांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे गोऱ्या तोंडातून अस्सल वऱ्हाडी ऐकताना नवख्या माणसाची वाचा बसायची. आम्ही पोचलो तेव्हा त्या परसात मिरच्या वाळत घालत होत्या. मावसोबांनी रामराम न करता टोपी एकदम त्यांच्या नाकासमोर धरली.

"बाई वो!" मडमबाई किंचाळल्या. हातातल्या मिरच्या खाली पडल्या. "हे तं आमच्या इकडचं जनावर हाय! हे तुमाले कुठी भेटलं?"

"आंदी अर्थ सांगा," मावसोबा म्हणाले.

"याले बीव्हर म्हणते. नदीत राह्यते. दातानं झाडं पाडते, लाकडं रचते अन् पाण्याले बांध घालते."

"मंग टोपीवर काऊन?"

"ही खेळनाऱ्यायची टोपी हाय, बाप्पा. बेसबॉल नावाचा खेळ रायते आमच्याकडे. गावोगावच्या पोट्ट्यायच्या टोळ्या, अन् हरएक टोळीची टोपीवर आपल्या गावची खूण. या टोळीच्या गावच्या नदीत बीव्हर असन, म्हणून यायनं बीव्हर घेतला. अन् त्याच्या हातात हे खेळाचं लाकूड."

"म्हणजे मालकाचा छाप नाई?"

"मालक कुठचा आला! गावचा छाप."

मावसोबांचा अर्धा जीव भांड्यात पडला, पण अर्धा अजून वरच होता. खेळ कसा, म्हणून त्यांनी हट्ट धरला. मडमबाईंनाही किती वर्षांनी माहेरचं बोलायला मिळालं होतं कोण जाणे, त्यांनी पदर खोचावा तसा झगा सावरला आणि परसातच चार टोपल्या चार कोपऱ्यांना मांडल्या. "हे घर. इथी उभं राहून चेंडू हानायचा अन् पळायचं. हा पह्यला मुक्काम, हा दुसरा, हा तिसरा. अन् तिथून घरी वापस. घरी आला तं एक गुण."

"अन् नाई आला तं?"

"तं काईच नाई. कितीबी दूर पळाला, लय जोरात पळाला, पन घरी नाई आला तं गुण नाई."

मावसोबा घराच्या टोपलीपाशी जाऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे घरी येनं हाच खेळ?"

"हाव. हाच खेळ."

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मावसोबांनी मडमबाईंना "वा बे!" म्हटलं, टोपी डोक्यावर चढवली आणि त्या चार टोपल्यांभोवती धोतराचा सोगा हातात धरून धावत सुटले. एक फेरी, दुसरी फेरी, आणि दर फेरीला घराच्या टोपलीपाशी आले की "आला! घरी आला!" अशी आरोळी. मिरच्या तुडवल्या गेल्या, दोन कोंबड्या कुंपणावरून उडाल्या, आणि मडमबाई टाळ्या वाजवत रडत होत्या. मिरच्यांचा ठसका लागला असं त्या मागाहून म्हणाल्या. मला तरी तो ठसका वाटला नाही.

परतीच्या मोटारीत झाडून सगळ्या उतारूंना त्या टोपीचा अर्थ कळला. 'ज्यानं ही टोपी धाडली तो घरी वापस येते,' असा मावसोबांनी त्याचा सोयीस्कर सारांशही काढला होता. पोळ्याला त्यांच्या बैलांच्या पाठीवर गेरूचे बीव्हर उमटले. गावानं त्यांना घुशी म्हटलं. "बैलायवर घुशी काहाले काढल्या वो?" असं मावशीनंही विचारलं, पण अर्थ ऐकल्यावर तिनं गुपचूप त्या घुशींनाही हळदकुंकू लावलं.

आणि मग धामणगावात बेसबॉल सुरू झाला. मावशीची धुण्याची मोगरी हे लाकूड, चिंध्यांचा चेंडू. मारुतीचा पार हे घर. विहीर, चिंचेचं झाड आणि देशमुखांचा दरवाजा हे तीन मुक्काम. पंच अर्थातच मावसोबा, डोक्यावर निळी टोपी. खेळात गडी बाद करतात हे मडमबाईंनी सांगितलं होतं, पण तो नियम मावसोबांनी साफ गाळून टाकला. घरून निघालेल्या माणसाला वाटेत अडवायचं म्हणजे काय? त्यामुळे दोन्ही बाजू मिळून पळणाऱ्याला हुरूप द्यायच्या आणि कुणीच कधी हरत नसे. एकदा एक नवा जावई मोगरीनं चेंडू हाणून पळाला तो देशमुखांच्या दरवाज्यात गडपच झाला. ती त्याची सासुरवाडी! दारावरून पाणी न पिता जाणं शक्यच नव्हतं. आधी पाणी आलं, मग चहा, मग सासूबाईंनी भजी तळायला घेतली. सगळा खेळ थांबून राहिला. कुणी कुरकुर केली तर मावसोबा म्हणायचे, "मुक्कामच हाय तो बे! थांबन, खाईन, अन् येईन घरी." दिवेलागणीला जावई ढेकर देत पारावर आला तेव्हा साऱ्या गावानं टाळ्या पिटल्या. मावसोबांनी त्याला मिठी मारली. त्यांना त्याच्या जागी कोण दिसत होतं ते पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच माळवं घेऊन बाजाराला निघालेली माणसंसुद्धा पाटी खाली ठेवून एक फेरी पळून जायची.

लढाई संपली आणि गणपत आला. खरोखरच आला. वाळलेला, काळवंडलेला, पण दोन पायांवर चालत आला, आणि तोही खेळ चालू असताना, विहिरीच्या बाजूनं. "पळ बे, पळ!" असं मावसोबा किंचाळले. त्यानं खांद्यावरची वळकटी टाकली आणि काय चाललंय हे न कळताच चिंचेवरून, देशमुखांच्या दरवाज्यावरून धावत पारावर येऊन बापाच्या पायांवर पडला. मी तेव्हा सुटीत तिथंच होतो. असा गोंधळ, अशी आरडाओरड त्या गावानं पुन्हा पाहिली नसेल. मावशी तर त्याचे गाल चाचपत होती आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना गूळ वाटत होती.

गडबड जरा निवल्यावर मावसोबा टोपी ठाकठीक करत म्हणाले, "टोपीचा अर्थ लागला मले, गणपत. त्या सायबाले कळव."

गणपत म्हणाला, "सायब नोहता, बाबा. माह्याएवढाच पोट्टा होता. मले ऊन लागते म्हणून डोक्यावरची काढून देल्ली. आमाले रस्त्यावर हाच खेळ शिकवे तो. त्याच हप्त्यात दरड आली. माह्या मांगंच त्याची लॉरी होती." तो पुढं म्हणाला, "मंग टोपी मले घालवेना अन् टाकवेना. म्हणून इकडे धाडली."

 वाक्य पूर्ण ऐकून घेताना मी मावसोबांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी उतरवली, झडपेवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि मी बुलढाण्याला परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे ते पुन्हा माझ्या खोलीवर हजर झाले. या वेळी पायांत दोन्ही चपला होत्या.

मडमबाई त्याच सुमाराला कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. आम्ही बंगल्यावर गेलो तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं. पोराचं पुरतं नाव गणपतला ठाऊक नव्हतं, आणि बीव्हरच्या नद्या तिकडे पुष्कळ आहेत, असं त्या म्हणाल्या. मावसोबा हात जोडून म्हणाले, "गावाचा छाप हाय ना वर. कोनी तरी वळखन. पोट्टा नाई पोचला, बाई, टोपी तरी घरी जाऊ द्या." बाईंनी टोपी आपल्या कपड्यांच्या पेटीत, सगळ्यात वर ठेवली.

त्यांची काही खबर पुढं आली नाही. मावसोबा मात्र मी भेटलो की गणपतची, नातवंडांची सारी हकिगत सांगून झाल्यावर, जरा आवाज उतरवून विचारायचे, "पोचली असन ना बे?" मी म्हणायचो, "हाव, मावसाजी, पोचली." त्यावर ते मान हलवायचे, आणि मला कसं ठाऊक हे त्यांनी कधी विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीचा छडा लावणारा माणूस, पण एवढं एक त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिलं होतं. आता ते नाहीत, मावशी नाही, मला विचारणारं कुणी उरलं नाही, आणि कधीकधी माझ्याच मनात येतं की कुणाला तरी गाठावं नि विचारावं, पोचली असेल ना ती?