पाच दिवसांचा आठवडा

सतराशे पिल्लं माझ्यामुळे मेली, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपल्या तोंडून गेलेलं बरं.

पिल्लं म्हणजे कोंबडीची, एका दिवसाची. आमची कंपनी समारांगला अंडी उबवते आणि चौदा डेपोंमार्फत मध्य जावाच्या बाजारांत पिल्लं पोचवते. मी कंपनीचा सिस्टीमवाला. कुठल्या डेपोने काय विकलं, कुठे काय उरलं, पुढे कुठे किती पाठवायचं, हे सगळं संचालकसाहेबांच्या पडद्यावर रंगीत दिसावं म्हणून मी दोन वर्षं खपलो होतो. हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे बोलावणं. त्या मंगळवारी माझ्या यंत्रणेची मोठी चाचणी होती. वोनोगिरीचा डेपो मध्ये न घेता, सिस्टीम सांगेल त्या बाजारात सांगेल तितकी पिल्लं थेट पाठवायची. चाचणी जमली की महिन्याअखेर वोनोगिरीच्या डेपोला कुलूप, आणि एकोणीस वर्षं तो डेपो सांभाळणाऱ्या बू वागिनेमना नारळ.

आदल्या मंगळवारी वोनोगिरीकडच्या करांगसंबीच्या बाजारात चार हजार पिल्लं खपली होती. म्हणून सिस्टीमने ह्याही मंगळवारी चार हजार सांगितली. चाळीस खोकी, खोक्यात शंभर आणि वर दोन. सकाळी नऊला ड्रायव्हर पाक सुगिमानचा फोन आला. (आमच्याकडे मोठ्या पुरुषाला पाक, बाईला बू आणि माझ्यासारख्या तरुणाला मास म्हणतात.)

"मास, बाजारात कुणी नाही."

"येतील. वाट बघा."

"एक कुत्रं आलंय. त्याला विचारू का, किती हवीत?"

"पाक, सिस्टीममध्ये बाजार आहे."

"सिस्टीममध्ये असेल हो. मी करांगसंबीत उभा आहे."

मी त्यांना दुपारी बारापर्यंत तिथेच उभं ठेवलं. उघड्या मैदानात, भर उन्हात. माणसाचा स्वतःच्या कामावर फार विश्वास बसला की दुसऱ्याचे डोळे त्याला खोटे वाटायला लागतात. शेवटी सुगिमाननी मला न विचारता ट्रक वोनोगिरीच्या डेपोवर नेला, आणि मी कंपनीची गाडी काढून तिकडे निघालो.

पोचलो तेव्हा चार वाजले होते. बू वागिनेम डेपोच्या ओट्यावर खोकी मांडून बसल्या होत्या. बुटकी, काटक बाई. कंपनीचा निळा शर्ट आणि खाली बाटिकची लुंगी, दोन्ही एकाच वेळी अंगावर घालणारी आमच्या कंपनीत ती एकटीच. एकेका खोक्याला कान लावायच्या आणि बोटाने दाखवायच्या, हे सावलीत, हे पाण्यापाशी, हे तिकडे. तिकडे म्हणजे खड्ड्याकडे. पिल्लं फार ओरडत असली तर त्यांना थंडी वाजतेय, नुसती धापा टाकत असली तर उकडतंय, आणि अगदी गप्प असली तर ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. त्या दिवशी सांगितलं ते एवढंच, "मास, चहा झाकून ठेवलाय. आधी घ्या."

मी म्हटलं, "बू, मला शिव्या तरी घाला."

"शिव्यांनी पिल्लं उठत नाहीत. ते खोकं धरा."

अंधार पडायच्या आत तेवीसशे ऐंशी पिल्लं वाचली. एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी पाजायचं असतं. मी शंभर पाजली असतील. बाकीची बू आणि सुगिमाननी. खड्डाही सुगिमाननीच बुजवला आणि येऊन माझ्या शेजारी बसले. "मास, कुत्र्याने निरोप दिलाय. म्हणाला, शुक्रवारी या."

"शुक्रवारी का?"

बू वागिनेमनी भिंतीवरच्या, सोनाराने फुकट वाटलेल्या कॅलेंडरकडे हात केला. "मागचा मंगळवार पोन होता. आजचा क्लिवोन. करांगसंबीचा बाजार पोनला भरतो. पुढचा पोन शुक्रवारी."

इथे माझी मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. आमच्याकडे सात वारांच्या जोडीने आणखी पाच वार चालतात, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि गावोगावचे बाजार ह्या पाचांवर भरतात. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. मी स्वतः शनिवार-पाहिंगचा. माझं पहिलं ठरलेलं लग्न आमच्या आईने ह्या वारांची बेरीज करून मोडलं. बू वागिनेम वागेच्या दिवशी जन्मल्या म्हणून वागिनेम, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ऑफिसात शिरलं की आठवडा सातच दिवसांचा. कुठल्याही फॉर्मवर पाच वारांचा रकाना नसतो, आणि रकाना नाही ते खरं नाही, अशी आम्हा शिकलेल्यांना सवय.

त्या सवयीने बू वागिनेमचं दोन वर्षं काय केलं होतं ते मला त्या ओट्यावर बसल्या बसल्या दिसलं. सात दिवसांच्या आठवड्यात पोन कधी एकदा येतो, कधी दोनदा. एकदा आला की वोनोगिरीची विक्री निम्मी, ठिपका लाल. संचालक पाक लुकितो समारांगहून फोन करून झाडायचे. बू म्हणायच्या, "इंग्गिह, पाक." म्हणजे होय साहेब. पुढच्या आठवड्यात पोन दोनदा यायचा, विक्री दुप्पट, ठिपका हिरवा. पाक लुकितो आम्हाला मीटिंगमध्ये अभिमानाने सांगायचे, "बघा, दरडावलं की बाई चालते." मीटिंगमध्ये आम्ही सगळे मान डोलवायचो. पडद्यावर तक्ताच होता ना तसा, करवतीच्या दातांसारखा! बाईंच्या नावापुढे शेरा पडला, 'कामात सातत्य नाही.' डेपो बंद करण्याच्या यादीत वोनोगिरी पहिली आली ती ह्या शेऱ्यामुळे.

"पण बू, तुम्ही एकदा तरी साहेबांना सांगायचं!"

"काय?"

"की पोन एकदाच आला म्हणून विक्री कमी झाली."

"त्यांनी कमी का झाली असं विचारलं नाही. पुन्हा असं व्हायला नको म्हणाले. त्यावर इंग्गिहच म्हणतात."

सुगिमान म्हणाले, "बू जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हणाल्या नाहीत. नवऱ्यालाही. फक्त करायच्या नाहीत."

बू हसल्या. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बाईंचे वडील बदकांचे व्यापारी. पाठीवर टोपली घेऊन पाच दिवसांत पाच बाजार चालायचे आणि चौथीनंतर शाळा सुटलेली ही मुलगी मागून चालायची. कुठल्या बाजारात कोण काय घेतं, कोण बघतं आणि घेत नाही, हे तिने पायांनी पाठ केलं. पुढे आमच्या कंपनीत अंडी उजेडावर धरून तपासायला लागली, मग डेपो. नवरा बस चालवायचा, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा दूर बाताम बेटावर अकराव्या मजल्यावर राहतो आणि दर फोनला म्हणतो, आई, नोकरी सोड, इथे येऊन आराम कर. बू एकदा जाऊन आल्या. "सकाळी उठले, तर कुणी काही विचारायलाच येईना," म्हणाल्या. वोनोगिरीत सहा वाजल्यापासून बायका ओट्याशी येतात. पिल्लं कधी येणार, किती घेऊ, सून बाळंत होणार आहे तर आत्ता घेऊ का नंतर. डेपो गेला तर बू वागिनेमना अकरावा मजला होता, आणि हे त्यांनी न सांगताही कळण्यासारखं होतं.

मी समारांगला परतलो आणि सिस्टीममध्ये पाच वारांचा रकाना घातला. काम अर्ध्या दिवसाचं! मग दोन वर्षांची वोनोगिरीची विक्री पाच-पाच दिवसांनी मांडली. करवतीचे दात गेले. रेघ इतकी सरळ आली की मी आधी बाकीच्या तेरा डेपोंची तपासून पाहिली. चौदांत सगळ्यात सातत्याने काम करणारी बाई वोनोगिरीला होती. तक्ता छापून मी नाचत पाक लुकितोंकडे गेलो.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "आपण बाईंवर अन्याय केला. शेरा काढून टाक."

"काढतो, पाक."

"आणि आता सिस्टीमला बाजाराचे वार कळतात?"

"कळतात."

"मग डेपो कशाला हवा?"

मी घाईघाईने म्हटलं, नुसत्या वारांवर भागत नाही, बाईंना आणखी पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत. ते म्हणाले, "मग त्याही भर. वही घेऊन जा, सगळं विचार, शेवटी बाईंची सही घे की सांगून झालं. सही आली की कुलूप लावू." मी बाईंना वाचवायला जे बोललो, त्याचंच त्यांनी मला काम करून दिलं.

तीन दिवस मी ओट्यावर वही घेऊन बसलो. बू पिल्लं निवडत होत्या आणि सांगत होत्या. सुरो महिन्यात लग्नं नसतात, पिल्लं निम्मी मागवा. शाळा सुरू व्हायच्या महिन्यात लोक कोंबड्या विकतात, घेत नाहीत. कसाव्याच्या कंदांचा भाव पडला की दोन पोननंतर मागणी पडते. गावात मोठं माणूस गेलं तर त्याच्या हजाराव्या दिवसाचं जेवण लक्षात ठेवा आणि तीन महिने आधी त्या गल्लीत पिल्लं पाठवा. मी लिहीत होतो आणि प्रत्येक पानागणिक बाई थोडी थोडी कमी होत होती. सुगिमान ट्रक धूत होते. म्हणाले, "मास, वही जाड आणलीत. पातळ मिळाली नाही?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याच्याने राहवेना. मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. ही वही भरली आणि तुम्ही सही केलीत की डेपो बंद होणार, म्हणून मला पाठवलंय. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

त्यांच्या हातातलं पिल्लू पाणी प्यायचं थांबलं होतं. त्यांनी त्याची चोच पुन्हा बुडवली, ते प्यायलं, त्याला खोक्यात सोडलं. मग ओल्या हातांनी वही ओढून घेतली, शेवटचं पान काढलं, सहीसाठी मी आखलेली रेघ पाहिली आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

विचारणं माझं कामच होतं. मी विचारलं, "बू, अजून काही सांगायचं राहिलंय का?"

"पुष्कळ राहिलंय, मास, आणि ते मी सांगणार नाही."