गाडी लावणारे नंबरकाका

नंबरकाकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. आगारात मी लिपिक म्हणून रुजू झाले, त्या दिवशी ज्या बसने आले तिचा नंबर सतराने संपत होता. तेवढ्यावरून मी त्यांच्यासाठी कायमची 'सतरावाली' झाले. लग्न ठरल्याचे पेढे दिले, तेव्हा त्यांनी मुलाचं नाव, शिक्षण, नोकरी काहीच विचारलं नाही. "कुठला हाये पोरगा?" मी म्हटलं, वडनेरचा. "मंग अठ्ठावीसवाला," असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला. वडनेरला अठ्ठावीस नंबरची गाडी जायची. घरी हे सांगितलं, तर आईला वाटलं ते मुलाचं वय सांगतायत.

काकांचं काम गाड्या लावण्याचं. उद्या कोणत्या फेरीला कोणती गाडी जाणार, हे रोज दुपारी चारला ते एका कागदावर लिहीत आणि तो तक्ता मी संगणकात भरायचे. वरच्या ऑफिसचा नियम सरळ होता : नवी गाडी लांबच्या रस्त्याला, जुनी जवळच्या. मला सरळ नियम आवडतात, कारण माझं डोकं लवकर गोंधळतं. काकांचा तक्ता मात्र कुठल्याच नियमात बसत नसे. नवीकोरी गाडी कधी जवळच्या सेलूपर्यंतच जायची आणि खडखडणारं धूड नागपूरला. मी विचारलं की म्हणायचे, "तू भर ना बाई. गाडी माह्या डोक्यात लागून राह्यली."

सेवाग्रामच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या दहाच्या फेरीला ते नेहमी नऊ नंबरच लावत. ही गाडी इतकी जुनी होती की तिच्या खिडक्या बंद होत नसत. मी एकदा हिंमत करून विचारलं, "काका, दवाखान्याच्या लोकांना इतकी वाईट गाडी का?" ते म्हणाले, "तिची पायरी पाह्य." मी पटांगणात जाऊन पायरी पाहिली. पायरीसारखी पायरी होती. महिन्याभराने एका कंडक्टरने सांगितलं, की टाके घातलेल्या माणसाला त्या एकाच गाडीत पाय फार न उचलता चढता येतं. मला आनंद झाला. वाटलं, चला, किल्ली सापडली, आता सगळं कळणार.

कसलं कळतंय! तेवीस नंबरची गाडी ते पहिल्या फेरीला कधीच लावत नसत. पायरी ठीक, दार ठीक, इंजिन तर आगारात सगळ्यांत चांगलं. तीनदा विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, तिचा आवाज मोठा आहे. एकदा म्हणाले, तिचा ड्रायव्हर सकाळी बोलत नाही. तिसऱ्यांदा माझ्याकडेच पाहून म्हणाले, "काऊन वं, तुले काय वाटते?" वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला विचारलं, तर तोही डोकं खाजवायला लागला. आम्ही दोघं त्या गाडीभोवती फिरून आलो आणि आपापल्या कामाला लागलो.

काका मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले आणि नेमक्या त्याच वेळी आगारात पाच नव्या गाड्या आल्या. सोबत पाच जुन्या मोडीत काढायचा हुकूम. तक्ता करायची जबाबदारी माझ्यावर आली. हिंगणीची सकाळची फेरी मला ठाऊक होती. कॉलेजच्या मुली त्याच गाडीने येत, फाटक्या सीटवर ओढणी अंथरून बसत. ती जुनी लाल गाडी मोडीच्या यादीतच होती. मी सगळ्यांत चांगली पांढरी नवी गाडी हिंगणीला लावली. नियम गेला उडत, म्हटलं काकांसारखं काहीतरी आपणही करावं. त्या दिवशी स्वतःवर इतकी खूश होते की डबा खायचाही विसरले.

गाडी रिकामी आली. दुसऱ्या दिवशीही रिकामीच. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, लोक उभे राह्यते, पन हातच नाई दाखवत. थांबवली तं मांगं सरकते. म्हन्ते, आमची येऊन राह्यली मागून." लोक आपल्या लाल गाडीची वाट पाहत होते. पांढरी गाडी म्हणजे नागपूरची, आपल्यासाठी न थांबणारी, अशी त्यांची समजूत. चौथ्या दिवशी गावात बोलणं पसरलं, की हिंगणीची गाडी बंद झाली. मग लोक थांब्यावर यायचेही बंद झाले. तोवर वरून पत्र आलं : फेरी रिकामी धावते आहे, पंधरा दिवस अशीच धावली तर बंद करण्यात येईल. गाडी बंद झाली समजून लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून आम्ही गाडी बंद करणार! मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चूक माझी होती एवढंच कळत होतं, पण ती नेमकी कुठे झाली ते सापडत नव्हतं. दोन मुलींनी म्हणे कॉलेज सोडायची भाषा सुरू केली होती. हे ऐकलं आणि मला रडूच फुटलं.

काका परतले ते बुंदीचा डबा घेऊनच. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "गाडी बदलली हे सांगितलं कोनाले?" त्यांनी विचारलं.

"पाटी तीच ठेवली होती ना काका. हिंगणी, मोठ्या अक्षरात."

"ओळखीची गाडी असली का पाटी कोन पाह्यते? तू आपल्या घरच्या दारावरचं नाव वाचून घरात जातं का?"

दुसऱ्या दिवसापासून कामावर यायच्या आधी काका त्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून हिंगणीला जाऊ लागले. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबवायला लावत आणि खाली उतरत. थांबा रिकामा असला तर जवळच्या घरात जाऊन सांगत, "गाडी आली, चाला." काय बोलता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "काय बोलनार? हेच, का तुमची गाडी हेच हाये." मुदत संपेपर्यंत ते रोज गेले. पंधराव्या दिवशी गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती आणि फेरी वाचली. कॉलेज सोडायचं म्हणणाऱ्या त्या दोघी त्यात होत्या की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

काका निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या चहाला मी शेवटचं विचारलं, "तेवीस नंबरचं सांगा ना." ते हसले. "लावून पाह्य ना एक दिवस." माझी छाती झाली नाही. ती गाडी मोडीत निघाली, तरी कधी पहिल्या फेरीला गेली नाही. मागच्या वर्षी काकाही गेले. इतकी वर्षं मी त्यांना समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, की फक्त त्यांच्यावर चिडत होते, हे मला सांगता येत नाही. त्यांची आठवण मात्र रोज चारच्या सुमाराला येते आणि फार येते.

यंदा विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. हिरव्या, आणि आवाज म्हणून नाही. आता तक्ता माझाच. पहिल्याच दिवशी मी हिंगणीच्या गाडीत पुढे बसले. काका नक्की काय करत हे मी फक्त ऐकलेलं. हिंगणीच्या अलीकडच्या एका थांब्यावर काठी टेकून एक म्हातारी उभी होती. मी खाली उतरले आणि म्हटलं, "आजी, तुमची गाडी हीच आहे."

तिने गाडी पाहिली, मग मला पाहिलं. "पह्यले तो मानूस ये ना सांगाले. तो नाई आला?"

"ते वारले, आजी."

ड्रायव्हरने घाई केली नाही. मला वाटलं, आता ही मागे सरकणार. मग तिने काठी डाव्या हातात घेतली.

"तो नुसता सांगे नाई वं," ती म्हणाली. "चढाले हातबी दे तो. दे हात."

हे मला काकांनी कधी सांगितलं नव्हतं. मी हात पुढे केला.