जीपवाल्या पाच पैलवानांची गोष्ट

हायवेला चौक गावात माझं गॅरेज आहे. तिथं जो कोणी पंक्चर काढायला थांबला, त्याला ही गोष्ट मी ऐकवलेली आहे. तुम्ही थांबला असतात तर तुम्हालाही सुटका नव्हती. पण ती खोटी. खरी अजून माझ्या तोंडातून निघालेली नाही — आईजवळ नाही, बायकोजवळ नाही, पिऊन बरळतानासुद्धा नाही.

आधी खोटी ऐका, ती छान आहे. माझा धाकटा भाऊ विलास दारूत बुडाला होता. त्याला उचलायला व्यसनमुक्ती केंद्राची जीप आली आणि तिच्यातून पाच पैलवान उतरले. विलासनं एकाला शेणखतात उलटा रोवला, दुसऱ्याला पेरूच्या झाडावर टांगला, जीपचं दार उपटून काखेत मारलं. शेवटी पाचांनी मिळून त्याला तुडवला आणि केंद्रात नेऊन असा हाणला की डावा कान कायमचा गेला. इथवर आलो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. मी दर वेळी एखादा पैलवान थोडा जाड करतो.

आता खरी — नाही, जरा वळसा घालून येऊ द्या. सरळ निघालो तर अर्ध्यातून परत फिरेन.

आमच्या वस्तीच्या विहारात पौर्णिमेची वंदना मी सांगतो. माझा आवाज असा, की इथं तोंड उघडलं की तिकडं कोंडाण्याच्या लेण्यांतली वटवाघळं उडतात. पंचशील आधी मी म्हणायचं, मागून सगळ्यांनी. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी ठणकावून म्हणतो. पाचवं दारू न पिण्याचं. तिथं मला खोकला येतो. वर्षानुवर्षं येतो. लोकांना वाटतं, डिझेलचा धूर. विलास प्यायचा तो चव्हाट्यावर. मी प्यायचो गॅरेजच्या मागं, जुन्या टायरांच्या थप्पीआड, आणि वर वेलची चघळायचो. म्हणून तो बेवडा आणि मी उपासक. आणि माझी बाटली आणायला मी कुणाला पाठवायचो? त्यालाच.

त्याची दारू सोडवणारा कुणीतरी माणूस शोध, असं आईनं मला सांगितलं. शोधला की. खालापूरकडच्या एकाची पुडी चहातून दिली, तर पोरगा रक्त ओकला. एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या, तर हा झोपेतून उठून पिऊन आला. मग कुणीतरी कर्जतच्या एका ताईंचं नाव काढलं. दवाखान्याच्या वरच्या खोलीत बसायच्या, व्यसनाचं समुपदेशन हेच काम. त्या ओरडल्या नाहीत, शपथ घातली नाही. प्यावंसं कधी वाटतं, तेव्हा जवळ कोण असतं, हात कधी थरथरतात — विचारत बसल्या. आणि तो बोलला. ज्याला मी जन्मात एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तो तिथं तासभर बोलायचा. दारू सुटायला लागली होती — खरंच लागली होती.

मग ताईंनी मलाही बोलावलं. त्याच्यासमोर विचारलं, घरात आणखी कोण घेतं?

"आमी पंचशीलवाले, ताई. आमच्यात खोकल्याचं औषधबी येत नाय."

ताई हसल्या नाहीत. विलास खाली बघत राहिला.

परतताना मोटारसायकलवर मागून म्हणाला, "दादा, पुढल्या खेपेला मी त्यांना खरं सांगणार हाय. तुझ्यावर राग नाय रं. पण बाटली घरात हाय तवर माझं नाय जमायचं. तूबी चल. दोघं मिळून सोडू."

असं कुणी कधी तुम्हाला म्हटलंय, इतक्या मऊ आवाजात? मी काय केलं? गाडी जोरात सोडली, वाऱ्यात पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. घरी आलो आणि आईला सांगितलं, त्या बाईला काय येत नाही, नुसत्या गप्पा मारते. मग एका केंद्राला फोन केला. माणसाला घरातून उचलून नेणारं केंद्र.

सकाळी जीप आली. पाच नव्हते. दोन होते, त्यातला एक दमेकरी. विलास अंगणात तोंड धूत होता. डोळे स्वच्छ. मला बघून म्हणाला, "पिलेलो नाय रं, दादा." मी त्या दोघांना म्हणालो, "रातभर पिलाय. वास येणार नाय, लय हुशार हाय." त्यांनी हात धरले. पाय मी धरले. आई आत भाकऱ्या थापत होती. त्यानं घराकडं तोंड केलं आणि ओरडला —

"आये, दादाबी —"

मी पाय सोडले. जॅकचा दांडा पायरीवरच होता. तो उचलून त्याच्या कानावर घातला. रक्त मानेवरून उतरून साबणाच्या फेसात गेलं. तो पडला, गप्प झाला. गप्प झाल्यावर मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. आणखी एक घातली. कशासाठी? तो तर काही बोलत नव्हता. आई बाहेर आली तेव्हा तो जीपमध्ये होता. कसला आवाज झाला, तिनं विचारलं. मी म्हणालो, जीपचं दार लागलं.

कान गेला, असं केंद्रानं कळवलं. मग मी काय करावं? वस्तीतली पोरं जमवली — सांगताना दोनशे सांगतो, टेंपोत मावली तेवढीच होती — आणि भावाला न्याय मागायला केंद्रावर गेलो. काचा फोडल्या, खुर्च्या फोडल्या. फाटकात तो दमेकरी उभा होता. मला बघून म्हणाला, "दादा, तुमीच तर —" त्याच्या तोंडावर मी अशी मूठ मारली की त्याचा दात माझ्या बोटात रुतला. बाकीचं पोरांनी केलं. तो श्वास घ्यायला धडपडत होता, आणि मी बघत होतो. बोटावर ती खूण अजून आहे. गिऱ्हाइकांना ती पैलवानाची म्हणून दाखवतो.

विलासला त्याच दिवशी घरी आणला. नंतर तो एकटाच कर्जतला ताईंकडं गेला, जात राहिला. त्याची सुटली. तिथं त्यानं माझं नाव घेतलं का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. आता माझ्याच गॅरेजात काम करतो. मी पाच पैलवान रंगवत असतो आणि तो शेजारी चाकाचे नट आवळत असतो. माझी सुटलेली नाही.

गेल्या पौर्णिमेला तो पुढच्या रांगेत बसला होता, डावा कान माझ्याकडं करून. चौथं शील मी ठणकावून म्हटलं. पाचव्याला खोकला आला. मी थांबलो म्हणून मागचे सगळे थांबले. विलासला खोकला ऐकू गेला नसावा. त्यानं डोळे मिटलेले होते. पाचवं शील तो एकटाच, हळू आवाजात, शेवटपर्यंत म्हणून गेला.