बंद खिडक्यांची यादी

चष्मा कपाळावर चढवून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवून अक्का विचारायच्या, "यार हिडदार? कुणी धरलंय ह्याला?" कन्नड आधी, मराठी मागाहून.

विद्यानगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही आठजण एका परदेशी गोदामाचा जुना प्रोग्राम सांभाळायचो. तो स्मॉलटॉक भाषेत लिहिलेला, आणि त्या भाषेत मुरलेल्या एकट्या अक्काच. पन्नाशीच्या. केशवापूरहून सिटी बसनं यायच्या.

मी नवा असताना त्यांनी टेबल पुसायचं फडकं घेतलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं शेजारच्या मुलीच्या.

"तू सोड, तम्मा," धाकट्या भावाला हाक मारावी तसं त्या मला म्हणाल्या. "पडलं?"

"नाही."

"आता तूही सोड गं."

फडकं खाली पडलं.

"हं. आता झाडणारा उचलून नेईल. मेमरीतही असंच की, नको झालेलं झाडून नेणारा असतो. एकानं जरी धरून ठेवलं, तरी झाडणारा हात लावत नाही."

असे शिकवणारे तुम्हीही पाहिले असतील. पुन्हा विचारावं लागत नाही.

पुढे तो प्रोग्राम रोज दुपारी मेमरी भरून बंद पडू लागला. त्याच आठवड्यात अक्कांनी रिपोर्टचा भाग बदलला होता. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांनाच दोष दिला.

"माझं नाही वाटत, सर. शोधू द्या की," एवढंच त्या म्हणाल्या.

चूक मला सापडली. ती माझीच होती. पडद्यावर कुठल्या खिडक्या उघडल्या जातात हे तपासायला मी प्रोग्राममध्ये एक यादी ठेवली होती, ती काढायची राहून गेली. गोदामातली माणसं खिडकी बंद करायची, पण माझी यादी तिला सोडायची नाही. अशा हजारो साचल्या होत्या. मी गुपचूप यादी काढून टाकली. प्रोग्राम सुरळीत चालू लागला.

"अक्कांचा घोळ ह्यानं निस्तरला," साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. अक्का समोरच बसल्या होत्या. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत राहिलो.

त्यांच्याकडून तो प्रोग्राम काढून घेतला गेला. दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली.

वर्षभरानं मी धीर करून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी गिरमिटाची, कांदा-मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांची, बशी पुढे ठेवली. मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं रे. यादी काढल्याची नोंद तुझ्याच नावावर होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, अक्का?"

"तू बोलशील म्हणून थांबले की."

एवढं म्हणून त्या आत गेल्या. बशीतलं गिरमिट मऊ पडेपर्यंत मी बसून होतो. त्या बाहेर आल्या नाहीत.