‘येतो’ म्हटल्याशिवाय न सोडणारा बोर्ड

माझ्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम आहे. तो उघडला की काळा पडदा येतो आणि त्यावर ज्या बोर्डांशी जोडून घ्यायचे त्यांची यादी. माझ्या यादीत बराच काळ एकच नोंद होती. आज तिच्यावर कळ दाबली की थोडा वेळ काहीच घडत नाही, आणि मग पलीकडून उत्तर नाही, एवढेच इंग्रजीत उमटते. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि सॉलिसिटरच्या कचेरीत हयात गेलेला माणूस अपुऱ्या विधानाखाली सही करत नाही. पलीकडचा माझा मित्र आता हयात नाही, हे खरे. परंतु तो बोलायचा थांबला तो मरणाने नव्हे. त्याआधीच त्याला बोलता येणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली होती, आणि त्या व्यवस्थेविरुद्ध मी लिहिलेल्या एकाही पत्राला उत्तर आलेले नाही.

इंटरनेट घरोघर येण्यापूर्वी असे बोर्ड असत. एखाद्या हौशी माणसाच्या घरी संगणक, त्याला मोडेम, मोडेमला फोनची लाइन. आपण आपल्या संगणकावरून त्याचा फोन फिरवायचा, चीत्कार ऐकायचे, आणि आत शिरून निरोप वाचायचे, लिहायचे. माझा मित्र गिरणीच्या कचेरीत टेलेक्सवर, म्हणजे तारेने निरोप धाडणाऱ्या टंकयंत्रावर होता. त्याने लालबागच्या चाळीतल्या खोलीत असा बोर्ड थाटला, तेव्हा मी गिरगावातून रोज फोन लावी. लाइन एक, म्हणून आत माणूसही एक. अर्धा तास झाला की बोर्ड निघायला सांगे. अर्धा तास का, या प्रश्नावर मी त्याला सविस्तर निवेदन दिले होते. त्याचा जबाब आला, ‘घर माझं, चहा माझा, वेळ पण माझा.’

त्याच्या बोर्डाची एक रीत होती. निघताना ‘येतो’ असे टंकल्याशिवाय बोर्ड सोडत नसे. कोणी ‘जातो’ लिहिले, तर उत्तर येई: ‘घरातून निघताना असं म्हणू नये. पुन्हा लिहा.’ ही अक्षरे पडद्यावर रोमन लिपीत असत. पण आईने उंबऱ्यावर अडवावे, तसे ते वाचताना वाटे.

पुढे इंटरनेट आले आणि बोर्ड बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला तो परळच्या इस्पितळात त्याचे स्वरयंत्र काढून टाकल्यावर. औषधांनी बोटांची टोके बधिर झाली होती. मुलाने मोठ्या पडद्याचा मोबाइल आणून दिला, पण काचेवर बोट लागले की नाही हेच त्याला कळेना. जुन्या कीबोर्डची कळ मात्र खट् वाजून खाली जाते. टेलेक्सवर मुरलेला तो माणूस डोळे मिटून टंकू शकत होता. त्याने माळ्यावरची जुन्या संगणकाची पेटी उतरवली आणि बोर्ड इंटरनेटच्या वायरवर आणला. आता फोन फिरवायला नको होता. असल्या जुन्या बोर्डांशी बोलण्यासाठी हल्लीच्या संगणकांकरिता केलेला प्रोग्राम त्याने मला घालायला लावला. जुनी चौकटीची अक्षरे, जुने रंग, सगळे तसेच. एक लाइन आणि अर्धा तास, हेही तसेच.

त्या बोर्डावर समोरचा टंकताना अक्षर न् अक्षर दिसते. तो अडखळलेला दिसतो, लिहिलेले खोडलेले दिसते, गप्प बसलेला दिसतो. पहिल्याच दुपारी मी आमच्या पाणीखात्यावरील तक्रारीचा मसुदा त्याला ऐकवू लागलो. मध्येच मालवणीत अक्षरे उमटली: ‘मेल्या, माझो आवाज गेलो, तुझो कधी जातलो?’ मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. ऑपरेशननंतर मी त्याचा आवाज प्रथमच ऐकत होतो.

मग चाळीचा पुनर्विकास आला. भाडेकरूंनी कॉटन ग्रीनच्या बाजूला संक्रमण शिबिरात जायचे ठरले. करारनाम्याचा मसुदा मी ओळ न् ओळ वाचला आणि एक कलम सुचवले: सदर भाडेकरू वाचाहीन असल्याने शिबिरातील खोलीत पहिल्या दिवसापासून इंटरनेटची वायर असावी. विकासकाच्या माणसाने कलम वाचले आणि तो हसला.

‘आजोबा, अ‍ॅग्रीमेंटमध्ये कार्पेट एरिया असतो. बोलायचं कुठे असतं?’

‘म्हणूनच लिहितो आहे.’

‘मोबाइल आहे ना त्यांच्याकडे? मग झालं तर.’

माझे कलम वगळून करारनामा झाला. मित्राने सही केली, कारण बाकी सगळ्यांनी केली होती.

चाळीची वीज करारातल्या मुदतीआधीच तोडली गेली. त्या वेळी मी बोर्डावर होतो. तो लिहीत होता, ‘सामान बांधून झालं, आता फक्त ही पेटी’. पुढचे अक्षर आले नाही. जोडणी तुटल्याची सूचना तेवढी आली. ‘येतो’ न म्हणता त्या बोर्डावरून मी प्रथमच बाहेर पडलो होतो.

शिबिराची इमारत तात्पुरती, तेव्हा नवीन वायर ओढता येणार नाही, असे सांगण्यात आले. मोबाइलच्या इंटरनेटवरून बाहेर जाता येत होते, पण बाहेरच्याला आत येण्याची वाट नव्हती. आणि बोर्ड म्हणजे तर इतरांनी आत येण्याची जागा. महिन्याभरात मुलाने पेटी कीबोर्डसकट भंगारात दिली. मी त्याला नोटीस धाडली: वडिलांची जंगम मालमत्ता त्यांच्या संमतीवाचून विकली, सबब खुलासा करावा. त्याचा फोन आला.

‘काका, नोटीस? मला?’

‘तुलाच. पेटी कोणाच्या मालकीची होती?’

‘काका, दहा बाय बारात आम्ही चौघं झोपतो. पप्पांचा पलंग कुठे टाकू, ते सांगा. मग पेटीचं बघू.’

हा मुद्दा मी टिपून घेतला. मग त्याला लेखी उत्तर देण्यास सांगितले.

मग एका दुपारी मी लॅपटॉप आणि बाजारातून घेतलेला खट् वाजणारा कीबोर्ड घेऊन शिबिरात गेलो. मित्र पलंगाच्या कडेला बसला होता, मोबाइल उशीशेजारी पालथा. मुलाने आपल्या फोनचे इंटरनेट जोडून दिले. मी प्रोग्राम उघडला आणि परदेशातला एक अजून चालू असलेला बोर्ड लावला. मित्राने कीबोर्डवर हात ठेवले. गावाचे नाव विचारले, तेथे त्याने ‘लालबाग’ लिहिले. बोर्डाचा मालक जागेवर होता. त्याने स्वागत केले, तिकडे हवा कशी आहे म्हणून विचारले. मित्राने इंग्रजीत लिहिले, ‘धूळ. माझी चाळ पाडतायत.’

बोटे पूर्वीसारखी चालत होती. मला वाटले, जिंकलो.

‘आपण दोघांनी रोज दुपारी या बोर्डावरच यायचं,’ मी म्हणालो. ‘कीबोर्ड ठेवून जातो. लॅपटॉपही ठेवतो, मी दुसरा घेईन.’

त्याने त्या परक्या माणसाच्या देखत मराठीत टंकले, ‘दुसऱ्याच्या ओटीवर बसून बोलू?’

‘त्यात कमीपणा कसला?’

 मग उमटले, ‘नोटीस मागे घे.’

‘तो वेगळा मुद्दा आहे.’

‘पोरगा आहे माझा.’

‘पोरगा असला म्हणून कायदा बदलत नाही.’

मुलगा दारात उभा होता. पडद्यावरचे त्याला दिसत नव्हते, माझे मात्र सगळे ऐकू येत होते. मित्राने माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि लिहिले, ‘जातो.’

याचा अर्थ काय, असे त्या परक्या माणसाने विचारले. तो बोर्ड तर कोणालाही कसाही जाऊ देत होता. मी हात पुढे करून खाली ‘येतो’ टंकू लागलो. अर्धा शब्द झाला असेल. मित्राने माझे मनगट धरले, हात बाजूला केला आणि स्वतःच जोडणी तोडली.

कीबोर्ड आणि लॅपटॉप मी परत आणले. पुढे त्याच्याकडे गेलो की आम्ही नुसते बसून असू. तो वारल्यावर मुलाने मला फोन करून कळवले, नीट शब्दांत. नोटीस मी अद्याप मागे घेतलेली नाही.