मिठाशेजारची गाडी

बाबांची मोटारसायकल होळीपासून पडवीत उभी होती, आणि ती तशीच उभी राहावी असं बाबा सोडून घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. होळीच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. जीव वाचला, चालायला-बोलायला लागले, पण उजव्या हाताची मूठ अर्धीच वळायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाडी बंद. बाबांनी त्यांच्यासमोर शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन खुर्चीत टेकायच्या आत मला म्हणाले, "दसऱ्याला गाडी देवीला न्यायची हाय. तवर नीट चालू करून ठेव."

आमच्या कोन गावात दसऱ्याला झाडून सगळी वाहनं धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गावदेवीपर्यंत नेऊन आणतात. ज्याची गाडी त्यानेच चालवायची, असा बाबांचा कायदा. मी म्हटलं, मी नेतो की. तर म्हणाले, "मग तुझी झाली ती. माजी कशी?"

आई मला मागच्या दारी गाठून म्हणाली, "तू हात लावू नको तिला. चालू झाली का ते बसनार. आनि बसले का..." पुढचं तिने गिळलं. अभद्र बोलायचं नाही म्हणून आमच्या घरात निम्मी वाक्यं अशीच अर्धी राहतात.

मीही हात लावणार नव्हतो, देवाशपथ. पण गणपतीनंतर बाबांनी परस्पर नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दोन किका मारल्या, टाकीचं झाकण उघडून नाक मुरडलं आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "दादा, भंगारात द्या. एवढ्यात नवीन येईल." माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात कॉम्प्रेसर खोलतोय मी, आणि हा मला भंगार शिकवणार? "बघतोच कशी चालू होत नाही ते," म्हणालो. आईने दारातून माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली.

पहिल्या रविवारी टाकी रिकामी केली. सात महिन्यांचं पेट्रोल. त्याला पेट्रोलचा वास राहिला नव्हता, जुन्या वॉर्निशसारखा कुबट येत होता. टाकीत मूठभर नट टाकून खळखळवली, तर लाल पाणी आलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार मांडलेला. नवीन पेट्रोल, नवीन प्लग, आणि तिसाव्या का चाळिसाव्या किकला ती बोलली. पण काय बोलली! चोक ओढलेला असेपर्यंत धापा टाकत चालू, चोक आत ढकलला की बंद. झटका येऊन गेल्यावर बाबांचा श्वास पहिले काही दिवस असाच लागायचा. मला ते आठवलं आणि हातातला पाना खाली ठेवावासा वाटला. ठेवला असता तर!

दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर उतरवला. तळाला हिरवट गाळ, गुळाच्या काकवीसारखा चिकट. पेट्रोल जिथून जातं त्या जेटचं भोक डोळ्यासमोर धरलं तर उजेडच दिसेना. वायरीतली एक बारीक तार काढून ते भोक मोकळं केलं, फुंकलं, परत धरलं. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला आणि मी वेड्यासारखा खूश झालो.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. गाडीच्या उजव्या अंगाला मिठाच्या पाच गोण्या होत्या, तिथेच त्यांची खुर्ची. आमचं मिठागर गेलं त्या शेवटच्या हंगामातलं मीठ ते. खायला कोणी घेत नव्हतं, पण बाबा टाकू देत नव्हते. लक्ष्मी हाय म्हणायचे. पावसाळ्यात गोण्या पाझरायच्या, फरशी कायम ओली. मी तिथे बसून काम करायचो, पँट भिजायची आणि मी त्या लक्ष्मीला शिव्या घालायचो.

बाबा खुशीत होते. मिठागराच्या गोष्टी सांगत होते. "मीठ ओढायला आमी लाकडाचीच फळी घ्यायचो. लोखंड नाय टिकत मिठात. एक पावसाला काढला का बिस्कुट होतं त्याचं." मी हूं हूं करत जेट फुंकत होतो. त्यांचा पाय गोणीला लागलेला, गोणी गाडीला टेकलेली, आणि आम्ही दोघे मिठागरवाले, बाप आणि लेक, हे बोलत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तिसऱ्या रविवारी गाडी अर्ध्या किकला चालू झाली. चोक नको, काही नको. मी गल्लीत चार फेऱ्या मारल्या. मधल्या रेसला किंचित आचके देत होती, तेही स्क्रू फिरवून घालवले. परत आलो तेव्हा बाबा दारात उभे होते. मी म्हटलं, "बाबा, तुमची मूठ वळत नाही. ब्रेक कसा दाबणार?"

"रेस धरायला पुरं हाय तेवढं. ब्रेक पायाचा मारीन. जन्मभर पायाचाच मारलाय."

खरं होतं ते. मी मात्र कायम हाताचा ब्रेक मारणारा. त्या चार फेऱ्यांत पाय एकदाही ब्रेकवर ठेवला नाही, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. बंद पडणारं इंजिन एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दसऱ्याला सकाळी आईने गाडीला हळदकुंकू लावलं. चाकाखालचं लिंबू तिच्या हातून दोनदा घरंगळलं. "राहू द्या ना," ती म्हणाली. बाबांनी नवी टोपी घातली, लिंबू चिरडून गाडी काढली. गाडी अशी गुळगुळीत चालली होती की शेजारी बघत राहिले. आणि मला, आज लाज वाटते सांगायला, अभिमान वाटला. तो मेकॅनिक बघायला हवा होता असं वाटलं.

देवळाच्या पुढे रस्ता उतरतो आणि मोठ्या रस्त्याला मिळतो. तिथे दिवसभर कंटेनर धावतात. बाबा देवळापाशी थांबलेच नाहीत. देवळाबाहेर उभ्या असलेल्या लोकांनी सांगितलं, उताराला लागले, जोरात ओरडले आणि गाडी मुद्दाम गटारात घातली. घातली नसती तर समोर कंटेनर होता. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत.

सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं. "हातानं दगा दिला."

आठवड्याने मी गाडी पडवीत आणली. उजव्या बाजूला पायाच्या ब्रेकपासून मागच्या चाकापर्यंत जाणारा लोखंडी रॉड मधोमध तुटलेला होता. बोटांनी दाबला, तर पापुद्रे सुटून हातात आले. बरोबर त्याच जागी गोणी टेकलेली असायची. मी खाली बसलो, त्याच ओल्या फरशीवर.

बाबांना सांगायला गेलो तेव्हा आई पाणी भरत होती. मी एवढंच म्हणालो, "बाबा, तुमचा हात नव्हता..."

"म्हाईत हाय," ते हळू म्हणाले. "ब्रेकवरचा पाय नुसता खाली गेला तवाच समजलं. मी पन तिथंच मिठाशेजारी बसलेलो ना. आईसला सांगू नको."

त्याला आता दोन वर्षं होतील. आई रोज सकाळी बाबांना कुशीवर वळवते, पाठ पुसते, आणि पुसता पुसता तिचं तोंड सुरू होतं. "सांगत व्हते, हात धड नाय, बसू नका. माजा पोर किती मरमर करून गाडी नीट करून देतो, आनि तुमाला धरता येत नाय." बाबा भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकून घेतात. माझं नाव काढत नाहीत. मी पलीकडच्या खोलीत कामावर जायचे कपडे घालत असतो, आणि रोज गप्प बसतो.