कापायचा राहिलेला स्टँड

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

माझी उंची पाच फूट एक इंच. सगळं तिथूनच सुरू होतं — नाही, चुकलो. उंचीचा काय दोष? सुरू होतं ते मला तिची लाज वाटायची तिथून.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, बी.एस्सी. बाबा रायगडातून आलेले, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर दिवसभर उभे. मी औषध कंपनीचा एमआर — गळ्यात टाय, हातात बॅग, आज या डॉक्टरच्या दारात, उद्या त्या. गाडी लागणारच होती. नया नगरमधल्या एका उंच माणसाकडून जुनी मोटरसायकल घेतली. बसलो, तर पायाचे अंगठे तेवढे जमिनीला टेकत होते. सिग्नलला थांबलो की जीव मुठीत.

शांती नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लगेच चेष्टा सुरू झाली. तळमजल्यावरचे सावंतकाका विचारायचे, "काय साहेब, गाडीबरोबर स्टूल फ्री मिळालं की नाही?" मी हसायचो. आणि कुणाला न सांगता गाडी सलीमभाईच्या गॅरेजवर नेली.

त्याने सीटचा फोम तासून घेतला, मागचे शॉकअप काढून आखूड घातले, पुढचे फोर्क वर सरकवले. गाडी दोन इंच खाली आली. दोन्ही पाय सपाट टेकले — मला काय वाटलं सांगू? आजवर प्रत्येक वस्तूपर्यंत मीच टाचा उंचावून पोहोचत आलो होतो. या वेळी वस्तू माझ्यापर्यंत आली होती.

मग हात पुसत सलीमभाई म्हणाला, "टायवाले साब, एक काम बाकी है. गाडी नीचे आयी, पर साइड स्टँड उतना ही लंबा है. अब गाडी झुकेगी नहीं, सीधी खडी रहेगी. जरा हाथ लगा, तो दूसरी तरफ गयी. स्टँड काटके वेल्ड करना पडेगा."

मग करून टाक, म्हटलं.

"आज खंडेनवमी है ना. भोईर वेल्डरने मशीन को हार डाल दिया. परसों तक हाथ नहीं लगाएगा. तब तक मेन स्टँड पे लगाना. भूलना मत."

विसरलो, असं मी इथे लिहू शकलो असतो. विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी गाडी पूजेला बिल्डिंगखाली आणली. खाली बसवलेली गाडी मेन स्टँडवर चढवायला जास्त जोर लागतो, हे मला तिथे कळलं. एकदा ओढली, दोनदा ओढली — चढेना. चार शेजारी बघत उभे.

"हात लावू का रे?" सावंतकाकांनी विचारलं. या वेळी चेष्टा नव्हती. लावू द्यायचा होता हात. बस, एवढंच करायचं होतं. मी म्हटलं, "नको काका, साइड स्टँडच बरा," आणि गाडी तशीच टेकवली. ती जवळजवळ ताठ उभी होती. तुम्हाला काय वाटतं, मला ते दिसलं नसेल?

बाबांनी झेंडूचा हार स्वतः ओवला होता. डाव्या बाजूला आई ओवाळायचं ताट घेऊन उभी, म्हणून मीच म्हटलं, "बाबा, तिकडून बांधा." ते उजव्या बाजूला गेले. हँडलला हार घातला, गाठ घट्ट करायला स्वतःकडे जरासा ओढला — आणि गाडी त्यांच्यावर आली. घोटा सायलेन्सरखाली.

गाडी उचलता उचलता, बाबा कळवळत असताना, मी काय बोललो?

"सांगितलं होतं ना बाबा, गाडीला हात लावू नका म्हणून!"

असं मी कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जमलेल्या लोकांकडे बघून म्हणाले, "हो, सांगितलेलं त्याने. मीच ओढली. आपल्याला काय कळतंय गाडीतलं."

दुखण्यात त्यांना आठवलं नाही? की शिकलेला पोरगा म्हणतोय म्हणजे तसंच असेल, असं वाटलं? की चारचौघांत मला खोटं पाडायचं नव्हतं? मला माहीत नाही. विचारायचं, तर आधी स्टँडचं सांगावं लागेल.

घोट्यात प्लेट बसली. दिवसभर उभं राहायचं काम सुटलं. ते हॉस्पिटलमधून घरी येण्याआधी मी एक काम उरकलं — स्टँड कापून घेतला, जोडावर काळा रंग मारला. "इतने दिन लगाये?" सलीमभाई म्हणाला. "गिरी तो नहीं ना?"

नाही, म्हटलं.

त्यानंतर गाडी सात वर्षं वापरली, एकदाही पडली नाही. आणि तोच पुरावा झाला. "बघा, गाडी चांगलीच होती," बाबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "माझाच हात वाईट. सायबाची गाडी मी पूजेलाच आडवी केली!" पाहुणे हसायचे. मीही हसायचो — न हसून जाणार कुठे? तेव्हा आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. दर वेळी त्यांचं बोलणं आणि लोकांचं हसणं यांच्यामध्ये एक क्षण मोकळा असायचा. त्यात एक वाक्य सहज मावलं असतं. मी चहाचे कप उचलायचो.

त्या गाडीवर बाबा एकदाही बसले नाहीत. चला सोडतो, म्हटलं तरी, "नको रे, मला गाडी लाभत नाही," म्हणत लंगडत बाजारात जायचे. मी मागून हळू गाडी चालवत जायचो. माझे दोन्ही पाय जमिनीला व्यवस्थित पोहोचायचे.

बाबा आज हयात आहेत. आताही शेजारच्या खोलीत आहेत. किस्सा अजून सांगतात, आता नातीला. हा कागद मी टेबलावर उघडा ठेवून दोनदा उठलो, त्यांना पाणी दिलं, परत येऊन बसलो. घरात आत्ता आम्ही दोघंच; झाकून ठेवायची गरज नाही. बाबांना सही करता येते, वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा हे मला ठाऊक होतं.